तोंडात तीन बोटं जात नाहीत म्हणून...

शहापूरला त्या रविवारी मी खुर्चीत पाच मिनिटंही धड बसले नाही. दोन हजार सालाच्या आगेमागेची गोष्ट. महिन्यातला एक रविवार मी कल्याणहून तिथल्या एका दवाखान्यात जायचे, चार तरुण सर्जनना जबड्याच्या सांध्याचे आजार ओळखायला आणि बरे करायला शिकवायला.

हा सांधा कानाच्या अगदी पुढे असतो. बोलताना, जेवताना, जांभई देताना दिवसभर राबतो आणि तरी कुणाच्या खिजगणतीत नसतो... सर्जनच्यासुद्धा. मोडलेला जबडा ही मुलं झकास बसवायची, पण सांध्याला हात लावून बघायचा त्यांना कंटाळा.

माझा नियम एकच होता. पेशंट विद्यार्थ्याने तपासायचा, आणि तो निदान सांगेपर्यंत मी गप्प बसायचं. नियम मीच केलेला आणि जिवावर माझ्याच यायचा, कारण माझा स्वभाव पहिल्यापासून उतावळा...

त्या दिवशी सापगावहून एक सासू सुनेला घेऊन आली. सून विशीतली, नवीन लग्न झालेली. तोंड जेमतेम उघडत होतं, महिनाभर भाकरी दुधात कुस्करून खात होती. तपासायची पाळी समीरची होती, चौघांतला सगळ्यात हुशार आणि सगळ्यात घाईचा.

त्याने तिला तोंड उघडायला सांगितलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "गुटखा किती वर्षं खाताय?"

तेव्हा गुटख्याने तोंड आखडलेली माणसं इतकी यायची की प्रश्न चुकीचा नव्हता. पण तो सासूसमोर विचारला होता...

सून खाली बघत "नाय" म्हणाली. सासूच पुढे बोलायला लागली. "तीन बोटं जात नायत, सायेब. गावात शिबिर झालं तवा डॉक्टरांनीच शिकवलं, तीन बोटं नाय गेली तर गुटखा. आमी घरी करून बघितलं. शेजारणींनी बी बघितलं."

म्हणजे आमच्यासारख्याच कुणीतरी अर्धवट शिकवून ठेवलं होतं, आणि गावाने तेवढ्यावर निकाल लावून टाकला होता.

पुढचं सासूने हळू आवाजात सांगितलं. कुटुंब बौद्ध. सून रविवारी विहारात पंचशील सांगायची आणि बाकीच्या बाया तिच्या मागून म्हणायच्या. पाचवं शील नशा न करण्याचं... ते हिच्या तोंडून कसं ऐकायचं, असं बायांनी विचारलं आणि सासूनेच तिचं विहारात जाणं बंद केलं. मी स्वतः बौद्ध घरातली. त्या पोरीचं काय गेलं होतं, ते मला कुणी समजावायची गरज नव्हती.

मी खिडकीपाशी गेले, परत आले, टेबलावरचा ग्लास उगाच इकडचा तिकडे केला. तोंड उघडताना तिची हनुवटी डावीकडे सरकत होती, ते मला लांबूनच दिसत होतं. समीरला दिसेना. त्याने एकदा 'गुटखा' म्हणून टाकलं असतं, तर त्या घरात तिचं कुणी ऐकून घेतलं असतं का? नियम गेला खड्ड्यात, असं मनाशी म्हणत मी पुढे झाले...

आणि समीर थांबला. पेन खाली ठेवलं, तिच्या गालाच्या आतून बोट फिरवलं. गाल मऊ होता, गुटख्याने होतो तसा ताठ नव्हता. मग त्याने तिच्या दोन्ही कानांपुढे बोटं ठेवली आणि तिला तोंडाची उघडमीट करायला लावली. उजवा सांधा सरकत होता, डावा जागचा हलत नव्हता.

"आधी इथे टक वाजायचं का?" त्याने विचारलं.

"वाजायचं. लग्नाच्या आधीपास्नं." ती पहिल्यांदा वर बघून बोलली. "मग एके दिवशी जांभई दिली नि वाजायचं थांबलं. तवापास्नं तोंडच उघडत नाय."

समीर सासूकडे वळला. सांध्यात एक छोटी गादी असते, ती सरकून अडकलीय, दाराखाली पायपुसणं अडकलं की दार उघडत नाही तसं. गुटख्याचा काही संबंध नाही, असं त्याने तिला दोनदा सांगितलं.

मग अंगठ्यांना गॉज गुंडाळून, खालच्या दाढांवर दाब देत त्याने जबडा खाली आणि पुढे ओढला. काही झालं नाही. पुन्हा ओढला, तरी नाही, आणि माझे हात शिवशिवायला लागले... त्यानंतरच्या खेपेला 'टक' झालं आणि तोंड उघडलं. ती रडली, आधी दुखलं म्हणून आणि मग नुसतीच.

गादी परत सरकू नये म्हणून दातांवर बसवायच्या पट्टीचं माप घेतलं. मला वाटलं, झालं काम. पण सासू उठेना.

"मी सांगितलं तर सुनेला पाठीशी घालते म्हणतील," ती समीरला म्हणाली. "तुमी येता का विहारात?"

संध्याकाळी आम्ही दोघं गेलो. समीरने सगळं परत सांगितलं, अडखळत का होईना. मग एक म्हातारी बाजूला सरकली आणि सुनेला पुढे बसायला जागा करून दिली.

ती शील सांगायला लागली, बाया मागून म्हणू लागल्या. पाचव्याला काय होतंय, या धास्तीने मी जीव मुठीत धरून बसले होते. त्याच्या आधीचं चौथं माझ्या लक्षातच नव्हतं... ते खोटं न बोलण्याचं. तिने ते म्हटलं आणि मागून आवाजच आला नाही. सगळ्या बाया खाली बघत होत्या.

मी असते तर पटकन पाचव्यावर गेले असते. ती थांबली. मग तिने चौथं शील पुन्हा म्हटलं, तितक्याच शांतपणे, आणि या वेळी पहिला आवाज सासूचा आला.

सर्जनना मी पुढे बरीच वर्षं थांबायला शिकवलं... त्या सुनेचे आभार मात्र मानायचे राहून गेले, ते आज मानते.