पावाच्या रांगेतला थांबा

कुणीही कुठूनही फिरून आलं, की मोहितेकाकू एकच प्रश्न विचारायच्या, "तिथे शेवटची बस किती वाजता असते?" आमच्या ओळखीतलं एक नवं जोडपं हनिमूनहून आलं आणि कौतुकाने व्हेनिसचे फोटो दाखवू लागलं, तरी काकूंचा प्रश्न तोच. तिथे बस नसते, बोटी असतात, असं त्या बिचाऱ्या नवऱ्याने सांगून पाहिलं. "मग शेवटची बोट किती वाजता?" त्याला ते माहीत नव्हतं. "म्हणजे तुम्ही गाव बघितलंच नाही," असं म्हणून काकूंनी त्याच्या पानात आणखी एक थालीपीठ वाढलं.

गावाची तब्येत शेवटच्या बसवरून कळते, असं त्यांचं ठाम मत होतं. "बाईमाणूस अंधार पडल्यावर एकटी घरी येऊ शकते का, एवढंच बघ. बाकीचं ब्रोशरमध्ये छापलेलंच असतं."

काकू मूळच्या साताऱ्याच्या. काकांना साउथहॅम्प्टनच्या गोदीत काम मिळालं म्हणून लग्नानंतर इकडे आल्या, पुढे चक्क बस चालवायला शिकल्या, बरीच वर्षं चालवली, आणि मग बसेसची वेळापत्रकं बसवणाऱ्या ऑफिसात त्यांनी बस्तान बसवलं. मी पुण्याहून सॉफ्टवेअर करायला तिथे आले तेव्हा त्या माझ्या बॉस होत्या. माझा प्रोग्रॅम रिकाम्या जाणाऱ्या बसेस शोधून वेळापत्रकातून काढायचा आणि काकू त्या पुन्हा घालायच्या. आमचं रोज वाजायचं. "केतकी, बस रिकामी गेली तर चालतं. उशिरा गेली, की दुसऱ्या दिवशी लोक स्टॉपवर येत नाहीत," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. रविवारी सकाळची हॉस्पिटलची बस बंद करायची टूम एकदा मॅनेजरने काढली. त्या बसला एकच नर्स असते, असं तो म्हणाला. "ठीक आहे, मग नाइट शिफ्टनंतर तिला घरी तू सोड," काकू शांतपणे म्हणाल्या. बस चालू राहिली.

रिटायर झाल्यावर काकूंच्या हृदयाने कुरकुर सुरू केली. डॉक्टरांनी विमान बंद केलं, जिने कमी केले. आता काकू बागेत रमतील असं आम्हाला वाटत होतं, आणि एका शनिवारी त्यांचा फोन आला. आवाज एकदम तरतरीत. "अगं, आहेस तशी ये. एका गावाला बस बसवायचीय."

त्या गावाचं नाव मी सांगत नाही, कारण काकूही सांगत नसत. नाव सांगितलं की ऐकणारा लगेच बाजू घेतो, असा त्यांचा अनुभव. "नदीकाठचं गाव आहे, एवढं पुरे." तिथलं युद्ध थांबलं होतं. नदीच्या एका काठावर एका बाजूची माणसं, दुसऱ्या काठावर दुसऱ्या बाजूची. मदतीला आलेल्या संस्थेने पडलेला पूल पुन्हा बांधला, पलीकडच्या हॉस्पिटलवर छप्पर घातलं, आत नवी यंत्रं बसवली. सगळं झालं, फक्त अलीकडचं कुणी पूल ओलांडेना. बाळंतपणाला टेकलेल्या बाया आणि डायलिसिसचे पेशंट डोंगराच्या रस्त्याने अर्धा दिवस हेलपाटे घालत दुसऱ्या शहरात जायचे, नाहीतर घरीच राहायचे. म्हणून संस्थेने एक बस दिली होती, आणि तिचा मार्ग नि वेळा ठरवायला कुणी जाणकार माणूस हवा होता.

मी गेले तर जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला. मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या त्यावर मांडलेल्या, हळद म्हणजे हॉस्पिटल, मोहरी म्हणजे चौक. काका बाजूला बसून फोडणीसाठी मोहरी कधी परत मिळेल याची वाट बघत होते. व्हिडिओ कॉलवर नादिया होती. ती तिथलीच, युद्धाआधी शाळेत भूगोल शिकवायची, आणि आता बसचं सगळं तिच्या अंगावर होतं. मी लॅपटॉपवर एक लाइव्ह मॅप लावून दिला. बस म्हणजे एक निळा ठिपका, आणि शेजारी तिकिटांचा आकडा. तिकीट फुकट होतं, पण मशीनमधून घ्यावं लागे. मला या सगळ्याची अशी झिंग चढली, की सोमवारी ऑफिसात माझं लक्षच लागेना.

बस सुरू झाली. ठिपका चौकातून निघे, पूल ओलांडे, हॉस्पिटलपाशी थांबे, परत येई. आकडा शून्य. दुसऱ्या आठवड्यातही शून्य. संस्थेच्या साहेबांनी फार सभ्य भाषेत कळवलं, की महिनाअखेरपर्यंत लोक चढले नाहीत तर बस दुसऱ्या गावाला द्यावी लागेल. त्यांचंही चूक नव्हतं, बस मागणारी गावं बरीच होती. नादियाचा धीर सुटत चालला. तिच्याच गल्लीतल्या एका मुलीचे दिवस भरत आले होते आणि घाटातला रस्ता बर्फाने कधीही बंद झाला असता.

"ड्रायव्हर म्हणतो, चौकात थोडा जास्त वेळ थांबू का? कुणी आलं तर," नादियाने विचारलं.

"अजिबात नाही. वेळेवर सोड," काकू म्हणाल्या. "आणि मला जरा चौक दाखव. तू जिथे उभी आहेस तिथूनच, गोल फीर."

नादिया फोन धरून फिरली. मोकळा चौक, मधोमध आमचा चकाचक नवा बसस्टॉप, आणि चारही बाजूंना खिडक्या. काकू एकदम खुर्चीत सरसावून बसल्या.

"इथे कोण उभं आहे ते सगळ्या गावाला दिसतं की गं. पहिलं कोण जाईल? उद्या दारात येऊन लोक विचारणार, तू तिकडच्यांकडे का गेलीस?" मग माझ्याकडे वळून त्या मराठीत म्हणाल्या, "मी इथे नवीन आले ना, तेव्हा स्टॉपवर पोरं माझ्या साडीला हसायची. मी स्टॉपवर उभीच राहायचे नाही. शेजारी पेपरवाल्याचं दुकान होतं, त्याच्या काचेतल्या जाहिराती वाचत बसायचे. एक अक्षर कळायचं नाही. बस आली की पटकन चढायचे. मग एक ड्रायव्हर माझ्यासाठी दुकानापाशीच बस थांबवायला लागला. काही बोलला नाही कधी." एवढी वर्षं ओळखूनही हे मला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. काकांनाही नसावं, कारण ते हातातला कप तसाच धरून त्यांच्याकडे बघत होते.

काकू पुन्हा स्क्रीनकडे वळल्या. "नादिया, सकाळी गावातली माणसं कुठे जमतात? ज्याला कुणी का विचारणार नाही, अशी जागा सांग."

"बेकरीपाशी. पावाची रांग असते."

"मग स्टॉप तिथे ने. पाटीसुद्धा लावू नकोस. बस रांगेच्या अगदी जवळ थांबव. रांगेत उभं असलेलं माणूस पावासाठी आहे की बससाठी, कुणाला कळणार?"

दुसऱ्या दिवशी मी कामावर उशिरा येईन असं कळवून टाकलं आणि सकाळीच काकूंकडे धडकले. काका शिरा परतत होते. ठिपका बेकरीपाशी आला, थांबला. आम्ही तिघं त्या आकड्याकडे डोळे लावून बसलो. शून्य. सुटायची वेळ होत आली. शून्य. आणि त्या शून्याचा एक झाला.

"ड्रायव्हरनेच तिकीट काढलं असेल," काका पुटपुटले.

दोन झाले. मग तीन. ठिपका वेळेवर हलला, आणि तो पुलावर चढला तसा काकूंनी माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. कढईतला शिरा करपला, कुणाला भान नव्हतं. तेवढ्यात नादियाचा बसमधूनच फोन आला, ती हसत होती की रडत होती कळेना. तिच्या गल्लीतली ती पोर चढली होती, सोबत तिची आई. आणि सगळ्यांच्या आधी एक आजीबाई चढल्या होत्या, डायलिसिससाठी. काखेत पाव. नादियाने विचारायच्या आतच त्यांनी सांगून टाकलं, की मी पावालाच आले होते, बस समोर आली म्हणून बसले.

"आणि चढल्या चढल्या त्यांनी ड्रायव्हरला काय विचारलं माहितीये?" नादिया म्हणाली. "परत यायला शेवटची बस किती वाजता?"

मला हसू आवरेना. काकू मात्र हसल्या नाहीत, त्यांचे डोळे भरून आले होते. शेवटची बस दुपारी होती, आणि नंबर लागून डायलिसिस संपायला संध्याकाळ होणार. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "बघत काय बसलीस? संध्याकाळची फेरी बसव. आजच्या आज." त्या दिवशी मी ऑफिसात गेलेच नाही. संध्याकाळी तोच ठिपका अंधारात पुलावरून परत येताना बघितला, आणि करपलेला शिरा आम्ही तिघांनी मिटक्या मारत खाल्ला.

त्या मुलीला पलीकडच्या हॉस्पिटलात मुलगी झाली. बस गावातच राहिली. पुढे पलीकडची माणसंही अलीकडच्या बेकरीत यायला लागली, कारण पाव इकडचा चांगला, असं नादिया सांगायची. काकूंना या बातमीचा सगळ्यात जास्त आनंद झाला. "हॉस्पिटलला माणूस नाइलाजाने जातं गं. पावासाठी आलं म्हणजे भीती गेली." मग संध्याकाळची फेरी त्यांनी हळूहळू पुढे सरकवत रात्रीवर नेली. पुलापलीकडच्या लग्नाला जाऊन बाया त्या रात्रीच्या बसने घरी परतू लागल्या तेव्हा कुठे काकूंनी मोहरीची वाटी डब्यात परत ठेवली.

गेल्या हिवाळ्यात काकू झोपेतच गेल्या. फ्युनरलच्या आदल्या दिवशी मी काकांपाशी बसले होते. मी नादियाला कळवलं होतं, तिचा मेसेज आला. उद्या सकाळी बेकरीपाशी सगळ्यांनी जमायचं ठरवलंय, दोन्ही काठांवरची माणसं येणार आहेत, त्यांच्यासाठी बस थोडा वेळ थांबवून ठेवू का? मी तो काकांना वाचून दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बसला उशीर? तिच्यामुळे?" ते म्हणाले. "नको म्हणावं. मला बोलेल ती."

मी तसं लिहून पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काळे कपडे घालून आम्ही गाडीची वाट बघत असताना उत्तर आलं. माणसं जमली होती, नादियाने लिहिलं होतं, पण बस थांबवायला ड्रायव्हरही नको म्हणाला. सगळे बसमध्ये चढले आणि बस वेळेवर सुटली.

मी मॅप उघडून काकांच्या हातात दिला. ठिपका पुलावर होता.