डिक्कीतली खोटी भिंत

शेजारी सुतार काम करतोय, सरसाचा वास आला आणि ती दुपार आठवली. निलंग्याच्या आमच्या अंगणात यांनी गाडीच्या डिक्कीत प्लायवूडची खोटी भिंत उभी केली, मागं पोकळ जागा ठेवली आणि वरून डिक्कीच्याच रंगाचं कार्पेट लावून बघितलं. "वळखू येतंय का?" मी न्हाई म्हणून मान हलवली. "मग अण्णाला बोलू नकोस." अण्णा म्हणजे माझे सासरे. कर्नाटकातून गुटखा आणताना आमच्या गल्लीतल्या एकाला नुकतंच धरून नेलं होतं. हेही त्याच वाटेला लागले का, हे विचारायचा धीर होईना. तेवढ्यात हे म्हणाले, "घरात जुना कापूस हाय का?" गुटख्याला कापूस कशाला लागतो, हे काही मला कळेना. मी गुमान माझी उशी उसवून दिली आणि चुलीपाशी जाऊन बसले. थोड्या वेळानं धम् धम् सुरू झालं, तांब्यातलं पाणी थरथरलं. बाहेर आले तर सासरे गाडीभोवती फिरत होते. "कुणाची वरात निघाली रे? बँड तर कुठं दिसंना." हे हळूच मला म्हणाले, "आत स्पीकर हाय. कापसानं आवाज कसा घुमून राहिला बघ." सासऱ्यांनी मला विचारलं, "सूनबाई, तुला ठाव हाय का?" मी न्हाई म्हणाले. हसू येतंय का रडू, तेच समजेना, म्हणून पदर तोंडाला लावून आत पळाले. ती गाडी कधीच विकली. मी त्या दिवशी काय समजले होते, ते यांना अजून सांगितलेलं नाही.