ताप कधी आला ते विचारा

ब्रिजिट गेल्याची बातमी मला कुणा माणसानं दिली नाही, फायलीनं दिली. बहारीनला, मनामाच्या ज्या हॉस्पिटलात ती चौदा वर्षं नर्स होती, तिथंच रेकॉर्ड सेक्शनमध्ये मी टायपिस्ट आहे. पेशंट गेला की त्याची फाईल वॉर्डातून खाली आमच्याकडे येते. त्या सकाळी ट्रेमधल्या गठ्ठ्यावर सगळ्यात वर तिचं नाव होतं, आणि मृत्यूचं कारण म्हणून कॅन्सर लिहिला होता. आता सहा आठवडे झाले. वसईला तिची माती झाली, इथं प्रार्थना झाल्या, आणि भेटेल तो मला सांगतो की कॅन्सरपुढे कुणाचं काय चालतं, सुटली बिचारी. हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ब्रिजिट कॅन्सरनं गेली नाही. तो आटोक्यात येत चालला होता. आम्ही तिचं ऐकलं नाही म्हणून ती गेली, आणि त्या 'आम्ही'मध्ये मी आहे.

आमची ओळखच मुळी भांडणातून झाली. मी नवी असताना एका पेशंटचा कागद टाइप करताना ताप लिहिला आणि वेळ गाळली. ही बाई वॉर्ड सोडून दोन जिने उतरून खाली आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "ताप किती आला यापेक्षा कधी आला ते महत्त्वाचं असतं. परत टाइप कर." मी रडले होते. पुढे कळलं की शिकाऊ मुलींना ती हेच वाक्य इतक्या वेळा ऐकवायची की त्या पाठीमागे तिची नक्कल करत. हातात चिकटपट्टी आली की तिच्यावर तारीख आणि वेळ घातल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही, मग ती पट्टी सलाइनच्या सुईवरची असो नाहीतर माझ्या लोणच्याच्या बरणीवरची. शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधली मिस्सा आटोपली की ती रिफाला आमच्याकडे जेवायला यायची. माझा मुलगा इंग्रजीत उत्तर द्यायला लागला की ही बहिरी व्हायची, आणि तो नाइलाजानं मराठीवर आला की लगेच तिला सगळं ऐकू यायचं.

सौदीला जाणारा समुद्रावरचा कॉजवे सुरू झाला त्याच्या पुढच्या वर्षी तिच्या छातीत गाठ सापडली. मुंबईला ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली, आणि तीन-चार खेपांतच हाताच्या शिरा जळून गेल्या. म्हणून तिथल्या सर्जननं गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत पोर्ट बसवला. म्हणजे रबरी पडद्याची एक छोटी डबी, तिला जोडलेली बारीक नळी, आणि ती थेट मोठ्या शिरेत. कातडीवरून डबीत सुई टोचायची, औषध सोडायचं, मग नळी तुंबू नये म्हणून सलाइनचं पाणी मारून धुवायची. देशात सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिली असती तर व्हिसा गेला असता, म्हणून उरलेली औषधं घ्यायला ती इथं परतली. आमच्या वॉर्डात असली डबी कुणी पाहिलीच नव्हती. हिनं मुलींना गोळा केलं, कॉलर बाजूला केली आणि स्वतःच्या छातीवर धडा घेतला. रक्त मागे येत नसेल तर जोर लावू नका. औषध जाताना आग झाली तर थांबा. हात किंवा मान सुजली तर लगेच सांगा. आणि नळी धुतल्यावर थोड्या वेळात थंडी वाजून ताप आला, तर वरून कातडी कितीही चांगली दिसो, जंतू नळीत आहेत असं समजा...

तिला नेमकं तेच झालं. मंगळवारी दुपारी औषध घेऊन, नळी धुऊन ती समोरच्याच क्वार्टर्समध्ये आली आणि अर्ध्या तासात दातावर दात आपटायला लागले. रात्री ताप, सकाळी काही नाही. पुढच्या मंगळवारी पुन्हा. तिनं डॉक्टरला सांगितलं. तरुण, हुशार, मुंबईचाच. त्यानं डबीवरून बोट फिरवलं, लाली नाही, सूज नाही, आणि म्हणाला की अशक्तपणात एसी बाधतो. रक्त तपासा, एकदा हातातलं आणि एकदा पोर्टमधलं, असा तिनं आग्रह धरला तेव्हा तो हसून म्हणाला, "सिस्टर, अब आप पेशंट हो. पेशंट बनके रहो." त्याची टिपणं माझ्याकडेच टाइपला आली. 'रुग्ण चिंताग्रस्त आहे, एसीत थंडी वाजते असे सांगते.' एसीबद्दल ती काही सांगतच नव्हती, हे मला माहीत होतं. तरी मी ते वाक्य निमूटपणे टाइप केलं. या वेळी जिना चढून भांडायला कुणी गेलं नाही. त्या डॉक्टरचा राग मला येतोच, पण त्याहून जास्त माझ्या त्या दहा बोटांचा येतो.

त्याच संध्याकाळी मी तिच्या खोलीत गेले आणि एसी बंद केला. तिनं पुन्हा लावू नये म्हणून उशाशी असलेल्या स्विचवर तिच्याच ड्रेसिंगच्या डब्यातली पांढरी पट्टी चिकटवली. बहारीनचा ऑगस्ट होता. त्या उकाड्यात मी तिला दुलईत गुंडाळून सुंठीचा चहा पाजत होते. ती नुसती म्हणाली, "अगं, ही थंडी बाहेरून नाही येत." मी म्हटलं, डॉक्टरांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. चौदा वर्षांच्या नर्सला मी, टायपिस्ट बाई, हे सांगत होते!

मोठे डॉक्टर रजेवरून आले तेव्हा आणखी तीन मंगळवार होऊन गेले होते. त्यांनी पहिल्याच दिवशी दोन्हीकडचं रक्त पाठवलं. नळीत जंतूच जंतू होते. उद्या पोर्ट काढू, असं ठरलं. त्या रात्रीच तिचं ब्लड प्रेशर कोसळलं आणि ते पुन्हा वर आलंच नाही.

गेल्या आठवड्यात क्वार्टर रिकामं करायला मीच गेले. भावासाठी बॅग भरली, भिंतीवरचा क्रूस काढला. घामानं जीव नकोसा झाला म्हणून एसी लावायला हात पुढे केला, तर स्विचवर माझी पट्टी तशीच. तिच्यावर बॉलपेननं काहीतरी लिहिलेलं मी तेव्हाही पाहिलं होतं. घातली असेल सवयीनं तारीख, म्हणून वाचलं नव्हतं. आता वाचलं. बारीक, सरळ अक्षरात, एकाखाली एक तीन मंगळवार होते.

नळी धुतली ४.१०, थंडी ४.४०, एसी बंद.
नळी धुतली ४.००, थंडी ४.३५, एसी बंद.
नळी धुतली ४.२०, थंडी ४.५०, एसी बंद.

तीनही मंगळवारी मी त्याच उशाशी, त्या पट्टीपासून हातभर अंतरावर, चहाचा कप धरून बसले होते.