हुडकोच्या घराची दुसरी किल्ली

मधुकाका गेल्याचा फोन नागपूरला आला तेव्हा मी आधी विचारलं, 'आपण कोण बोलताय?' पलीकडे त्यांचा थोरला मुलगा, माझा मावसभाऊ प्रमोद होता. आवाज मी ओळखला होता, तरी विचारलं. बोलणारा कोण हे कळल्याशिवाय कुठल्याच बातमीवर विश्वास ठेवायचा नाही, हे मला काकांनीच शिकवलं होतं. त्याला आता दीड महिना झाला...

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, भिलाईला स्टील प्लांटात क्लार्क. कॉलेजची तीन वर्षं मी त्यांच्याकडे काढली. दूधवाला, वाणी, गवंडी, सगळ्यांवर त्यांचा संशय. दुधाचा थेंब नखावर घेऊन पाहिल्याशिवाय पातेलं घरात यायचं नाही. आम्ही हसायचो. मावशी मात्र हसत नसे. तिनं एकदा मला सांगितलं की, काका आठ-नऊ वर्षांचे असताना वर्ध्याच्या घरमालकानं त्यांचं बिऱ्हाड भर दुपारी रस्त्यावर काढलं होतं. लोक जाता-येता भांड्यांकडे बघत होते. तेव्हापासून त्यांना एकच ध्यास, आपल्या पोरांवर ही पाळी यायची नाही. भिलाईतल्याच हुडको वसाहतीत दोन खोल्यांचं घर झालंच होतं. पण पोरं दोन, म्हणून दुसरं घर गावातच, रिसालीला. त्यासाठी सोसायटीचं कर्ज काढलं आणि हुडकोचं घर भाड्यानं देऊन त्या भाड्यात हप्ता भागवायचा असं ठरलं. भाडं लवकर सुरू व्हावं म्हणून आम्ही प्लास्टरही न झालेल्या रिसालीच्या घरात राहायला गेलो. खिडक्यांना गोणपाट, आणि मावशीचा स्वयंपाक व्हरांड्यात.

भाडेकरू आले ढोके, दुर्ग लाईनवरचे रेल्वे गार्ड. गोंदियाकडचे, बायको आणि दोन लहान मुली. आपली माणसं मिळाली म्हणून मावशी खूश. काका उलट जास्तच धास्तावले. "आपला माणूस असला का त्याले निघ म्हणता येत नाही," ते म्हणाले, आणि घराची दुसरी किल्ली त्यांनी स्वतःकडेच ठेवली. पुढे ऑफिसात कोणीतरी सांगितलं की, भाडेकरूनं त्या पत्त्यावर रेशनकार्ड काढलं की घर गेलंच समजा. काकांची झोप उडाली. त्यातच एका दुपारी हुडकोवरून येताना मला दिसलं, ढोके एका माणसाला घेऊन मागच्या खिडकीपाशी टेपनं माप घेत होते. जेवताना मी ते सांगून टाकलं. न सांगतो तर... पण सांगितलं. काकांनी धरलंच, हा घर बळकावायला निघाला.

त्या रविवारी ढोके कुटुंब दुर्गला लग्नाला गेल्याचं काकांना कळलं. ते मला सोबत घेऊन गेले. कुलूप उघडलं, कपाट उघडलं, आणि रेशनकार्ड शोधत कागद चाळू लागले. मी दारापाशी उभा होतो. तेवढ्यात ढोकेबाई मुलींना घेऊन परत आल्या. त्या ओरडल्या नाहीत. काकांच्या हातातले कागद घेऊन त्यांनी जागेवर ठेवले.

"काय पाह्यजे होतं, भाऊ? मागितलं असतं तर दिलं असतं."

काका शरमले, आणि शरमेपोटी आवाज चढवून म्हणाले, महिनाअखेर घर खाली करा. बाईंनी फक्त कारण विचारलं, "कावून?"

ढोक्यांनी आठच दिवसांत घर सोडलं. किल्ली माझ्या हातात दिली, काकांकडे पाहिलंही नाही. पुढच्या आठवड्यात खुर्सीपारचा एक लोहार हातगाडीवर खिडकीची लोखंडी जाळी घेऊन रिसालीला आला. "गार्ड साहब पैसा पूरा दे गए हैं," तो म्हणाला. "बोले, पीछे की खिड़की सड़ गई है, मकान-मालिक के यहाँ पहुँचा देना." काका कितीतरी वेळ त्या जाळीवर हात ठेवून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दुर्गला गेलो. ढोके एका सहकाऱ्याच्या क्वार्टरमध्ये उतरले होते. काकांनी चूक कबूल केली, परत या म्हणाले, आणि वर्ध्याची ती दुपार सांगितली. त्यांच्या तोंडून मी ती पहिल्यांदाच ऐकत होतो. ढोक्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं दुःख खरं आहे, भाऊ," ते म्हणाले. "पण माह्या पोरी रोज विचारून राहिल्या, तो माणूस पुन्हा घरात येईन का म्हणून. आता नाही जमत."

चहा झाला. आम्ही परतीची बस धरली.

हुडकोचं घर चार महिने रिकामं राहिलं, आणि रिसालीचं प्लास्टर आणखी वर्षभर लांबलं. काकांचा संशय गेला असं नाही, दूध शेवटपर्यंत नखावर पाहत होते. पण पुढच्या भाडेकरूला त्यांनी दोन्ही किल्ल्या दिल्या. त्यानंतर हुडकोला गेले की फाटकाबाहेर सायकल धरून उभे राहायचे आणि विचारायचे, "येऊ का?" आतून उत्तर आलं नाही तर स्वतःच्या घरावरून तसेच मागे फिरायचे.

तेरावं झाल्यावर मी मावशीला घेऊन हुडकोला गेलो, आताच्या भाडेकरूंना सांगायला. फाटक उघडंच होतं. मी आत पाऊल टाकणार, तर मावशीनं माझा हात धरला. पदर सारखा केला, आणि विचारलं, "येऊ का?"

आतून 'या' येईपर्यंत आम्ही दोघं बाहेर उभे होतो.