रिकाम्या वाफ्याचा खुलासा

निजामपुऱ्याच्या कडेला आमची शाळा होती. तीन बाजूंना कापडाचे लूम, चौथ्या बाजूला गटार. मुलांना पर्यावरण शिकवण्यासाठी शाळेत बाग हवी, असा नव्वदीच्या सुरुवातीला वरून आदेश आला. मी विज्ञान शिकवत असल्यामुळे बाग माझ्या गळ्यात पडली. मी आधी पाट्या रंगवून घेतल्या. पत्र्याच्या, पिवळ्या, लॅटिन नावांच्या. झाडं नंतर आली. पानांवर कापसाची भुकटी इतकी बसायची, की मुलं त्यात बोटानं आपली नावं लिहीत. झाडांना इजा करणार नाही, अशी प्रतिज्ञा रोज सकाळी व्हायची. मैदान नव्हतं, म्हणून मुलं ती वाफ्यात उभी राहून घ्यायची.

शाळेत झाडलोट करायला, पाणी भरायला जवळच्या दिघाशी गावच्या एक बाई होत्या. रोजंदारीवर. त्या वर्षी त्यांना कायम करण्याचे कागद वर गेले होते. मला बागेच्या अहवालात एक 'दुर्मिळ रानभाजी' हवी होती. बाईंनी दिवाळीच्या सुमारास रानातून शेवळाचे कंद आणून लावले. मी पाटी ठोकली.

मार्चमध्ये तपासणी आली. साहेब त्या पाटीपाशी थांबले. खाली नुसती माती.

"काय मास्तर, मातीचं संवर्धन चाललंय का?"

मला शेवळाबद्दल पाटीवर होतं तेवढंच ठाऊक होतं. मी म्हणालो, "बाईंनी पाणी घातलं नाही, साहेब. मेलं सगळं."

बाई झाडू घेऊन तिथेच उभ्या होत्या. "मेलं न्हाय, गुरुजी. निजलंय त्ये. पावसाच्या तोंडाला उठंल."

"वा! तुमच्या शाळेत झाडंसुद्धा झोपा काढतात!" साहेब म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो.

संध्याकाळी मुख्याध्यापकांनी लेखी खुलासा मागितला. 'संबंधित कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे दुर्मिळ वनस्पती नष्ट झाली,' असं मी लिहिलं. माझी भाषा चांगली होती. बाईंचे कागद नामंजूर होऊन आले आणि सुट्टीनंतर त्यांना बोलावलंच नाही.

जूनमध्ये शाळा उघडली, तर वाफ्यात जांभळट कोंब उभे. मी फोटो काढून घेतले आणि 'नष्ट वनस्पतीचे यशस्वी पुनरुज्जीवन' असा अहवाल धाडला. शाळेला प्रशस्तिपत्र मिळालं. मला शाल. आठवडाभर मी वर्गात संवर्धनावर बोललो.

मग राहवेना म्हणून दिघाशीला गेलो. बाई भात लावत होत्या. चिखलाचे हात धुऊन बांधावर आल्या.

"उठलं ना?" त्यांनीच विचारलं.

"उठलं."

"उन्हाळ्यात पानी घातलं असतं ना गुरुजी, तर कंद कुजून गेला असता. म्हनून घातलं न्हाय." मग म्हणाल्या, "तेवढा कागद लिवून द्या. माजी चूक न्हवती म्हनून. परत घेतील मला."

"बघतो," मी म्हणालो.

तो कागद दिला असता, तर माझा खुलासा आणि अहवाल दोन्ही खोटे ठरले असते. मी दिला नाही. बाईंनी पुढे दोन-तीनदा निरोप पाठवला, मग पाठवणं सोडलं. चूक त्यांची नव्हती. खोटं मी लिहिलं होतं.