रिकामे फोटो

माझ्या नणंदेला दोन गोष्टींचा तिटकारा होता: न कळवता टपकणारे नातेवाईक आणि अस्पष्ट फोटो. नातेवाइकांना ती निदान चहा तरी द्यायची. एकवीस वर्षं तिनं एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत लाल दिव्याखाली फोटो धुतले होते. स्टुडिओ बंद पडल्यावर ती आमच्याकडे राहायला आली आणि धाकट्या भावाचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, अर्धं काम तिनं अंगावर घेतलं. तो जगभर फिरून रानातल्या प्राण्यांचे, डोंगरदऱ्यांचे फोटो काढायचा. ती जेवणाच्या टेबलाशी बसून ते निवडायची. "नाव त्याचं होतं, डोळे माझे जातात," असं म्हणून स्वतःच हसायची.

मला तिचा राग यायचा, खोटं कशाला बोलू? नवरा वर्षातले आठ महिने बाहेर, आणि रविवारी त्याचा फोन आला की पहिला हक्क हिचा. मी आपली मागे उभी, बसची वाट बघत असल्यासारखी. भिंतीवर दोन घड्याळं होती, एक आपलं आणि एक तो असेल तिथलं. ते दुसरं लावायचा मानही तिचाच.

त्याच्या कामाची एक पद्धत होती. प्राण्याचा जवळून फोटो हवा असेल, तर त्याला आपली सवय लावायची. रोज त्याच वाटेनं जायचं, त्याच दगडावर बसायचं, अंगात तेच न धुतलेलं जाकीट, साबण नाही, आणि वेळ मिनिटाचाही फरक न करता तीच. "जनावराला आपण घरचे वाटलो पाहिजे," तो म्हणायचा. मला ते ऐकून कसंतरीच व्हायचं. मी एकदा तसं बोलून दाखवलं, तर बहीणभावांनी ते हसण्यावारी नेलं.

शेवटच्या खेपेला तो एका बिबट्याच्या मादीमागे होता. तिचा डावा कान फाटलेला होता, म्हणून आमच्या घरात तिचं नाव पडलं कानतुटकी. एका पाणवठ्याजवळच्या दगडावर तो रोज सकाळी सात ते नऊ बसायचा. वाटाड्या त्याला जीपनं सोडून दूर रस्त्यावर थांबायचा. समोरच्या झाडाला एक जास्तीचा कॅमेरा बांधलेला होता, काही हललं की आपोआप फोटो काढणारा. तिथे फोन लागत नसे. दर रविवारी वाटाड्याच्या घरी येऊन तो आठवड्याचे सगळे फोटो पाठवायचा.

सहाव्या रविवारी नणंद फोटो बघता बघता मधेच थांबली आणि पुन्हा मागचे उघडून बघू लागली. मला हाताला धरून तिनं शेजारी बसवलं.

"हे बघ. नऊ वाजता हा उठून गेला. आणि नंतर ही आली, दगड हुंगायला."

"मग? यायचीच ना."

"पहिल्या आठवड्यात पन्नास मिनिटांनी यायची. मग तीस. काल बारा."

फोटोत कानतुटकी दगडावर गाल घासत होती, अगदी तो टेकायचा तिथेच.

तेवढ्यात फोन आला. नणंदेनं त्याला सगळं सांगितलं. तो हसला. "ताई, हेच तर हवं होतं मला."

"हसू नकोस. तिला तुझी वेळ पाठ झाली आहे. वेळ बदल."

"उशिरा गेलो तर ऊन चढतं गं. सगळे फोटो पांढरे येतील."

"मग एक तास आधी जा. सहाला बस, आठला उठ."

तो टाळाटाळ करायला लागला, तेव्हा मी फोन हिसकावून घेतला आणि म्हटलं, "आयुष्यात एकदा तरी ऐक ताईंचं." तो म्हणाला, "बरं बाई, दोघी एक झालात म्हणजे माझं काय चालणार! उद्या सहाला."

दुसऱ्या दिवशी मी भाजी निवडत होते, ती संगणकापाशी होती. दुसऱ्या घड्याळात पाच वाजून चाळीस मिनिटं झाली होती. मी सहज विचारलं, "आणि तो यायच्या आधीचे फोटो?"

"ते रिकामे असतात. वाऱ्यानं गवत हललं की कॅमेरा फोटो काढतो. मी बघतच नाही, सरसकट पुसते. त्याचा चेहरा दिसला की तिथून सुरुवात करते."

"किती वाजताचे असतात ते?"

पुसलेले फोटो संगणकाच्या कचरापेटीत महिनाभर राहतात, ते तिनं बाहेर काढले. सहा वाजून दोन मिनिटं, गवत. दुसऱ्या दिवशी सहा वाजून चार मिनिटं, गवत. रोज सहाच्या आसपास. तिनं एक फोटो मोठा केला. दगडाच्या मागे सगळं गवत सरळ उभं होतं, वारा नव्हताच. फक्त एका ठिकाणी ते दबलेलं होतं आणि त्यातून एक फाटका कान वर आला होता. रोज तो यायच्या आधी तासभर ती तिथे येऊन बसत होती. सात वाजले की ती तिथून सरकायची, कारण सात ही त्याची वेळ होती.

मी वाटाड्याच्या घरी फोन लावला. त्याच्या बायकोनं उचलला. "ते दोघं केव्हाच गेले," ती म्हणाली, "आज साहेब लवकर निघाले." दुसऱ्या घड्याळात सहाला पाच मिनिटं कमी होती. आम्ही दोघी त्या घड्याळाकडे बघत बसलो. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

त्याला नेलं ते सहा वाजून सहा मिनिटांनी. झाडावरच्या कॅमेऱ्यात ती वेळ आहे, आणि ते फोटो पोलिसांनी बघितले, आम्ही नाही.

पहिले काही महिने मी तिच्याशी बोलले नाही. मग आठवलं, फोन हिसकावून घेतला होता तो मी. ती आता फोटो निवडत नाही. ते पुसलेले फोटो मात्र तिनं सगळे परत ठेवले आहेत आणि रोज दुपारी ती एकेक उघडून बसते. नजर अधू झाली आहे, म्हणून मला हाक मारते.

"बघ गं, हा रिकामाच आहे ना?"

मी हातातलं काम टाकून जाते. चष्मा लावून कोपऱ्यान् कोपरा बघते आणि सांगते, "हो ताई, रिकामाच आहे." मग ती पुढचा उघडते.