चंद्रीला उठवणाऱ्या राजमतीबाई

कसबा बावड्यात अंगणवाडीच्या राजमतीबाई आणि मी, आमच्यात सव्वीस वर्षं एकच भिंत. अलीकडे माझी तिसरीची पोरं पाढे म्हणायची, पलीकडे बाईंची गोष्ट सुरू झाली की पाढे बंद पडायचे आणि अख्खा वर्ग भिंतीला कान लावायचा. मी भडकायचो. एकदा डस्टर आपटून ओरडलो, "बाई, जरा हळू की!" पलीकडून उत्तर आलं, "तुमीच या की ऐकायला, गुरुजी!"

बाईंना छापील गोष्टी चालत नसत. "आपल्या पोरांनी सिंह कुठं बघितलाय? म्हसरं रोज बघत्यात." म्हणून पोरांना जिद्द शिकवायला त्यांनी चंद्री नावाची रेडी घडवली होती. पायानं अधू, कपाळावर पांढरा ठिपका. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशींची शिंगं रंगवतात, मोरपिसं बांधतात. मालक मोटारसायकल दामटतो आणि त्याच्या हाकेवर म्हैस मागून पळते. ज्याची म्हैस पळाली त्याची कॉलर वर्षभर ताठ. चंद्रीलाही तसं पळायचं होतं. ती रोज कुठंतरी पडायची, गटारीत, उसाच्या सरीत, आणि तीस पोरं बेंबीच्या देठापासून ओरडायची, "ऊठ चंद्री, ऊठ!" मग चंद्री उठायची. शाळेच्या भिंतीवर 'प्रयत्नांती परमेश्वर' मीच रंगवून घेतलंय, पण ते एकाही पोरानं कधी वाचलेलं मला दिसलं नाही. चंद्री मात्र सगळ्यांना तोंडपाठ.

त्या पोरांत कृष्णातची पूर्णिमा होती. कृष्णातचा सात म्हशींचा गोठा, दुधाचा रतीब. पोरगी पाच वर्षांची, चुणचुणीत, आमच्याकडच्या पोरींसारखी 'मी आलो, मी गेलो' असं बोलणारी. जूनपासून ती चालता चालता पडायला लागली. आई म्हणाली, आळशी झालीय. मी शहाणा, मी कृष्णातला म्हणालो, "लाड कमी करा." आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

एकदा ती अंगणात पडली आणि बाईंनी टाळी वाजवली, "ऊठ चंद्री, ऊठ!" सगळी पोरं ओरडायला लागली. पूर्णिमानं हात जमिनीला टेकले, मग घोट्यावर, मग गुडघ्यावर, मग मांडीवर. स्वतःच्याच अंगावर चढत ती उभी राहिली. आम्हाला ती जिद्द वाटली. मी खिडकीतून टाळ्या वाजवल्या. पुढं मिरजेच्या डॉक्टरनी तिला एकदाच तसं उठताना बघितलं आणि आजार ओळखला.

नवरात्र संपता संपता कृष्णात अंगणवाडीच्या दारात येऊन उभा राहिला. आत येईना. "बाई, तिच्या अंगातली ताकदच संपत चाललीय. स्नायूचा आजार हाय. औषध न्हाय म्हणत्यात. दमवू नका, सारखं उठवू नका म्हणून सांगितलंय. पर ती ऐकंना. कुणी बघत नसलं तरी स्वतःच म्हणती, ऊठ चंद्री. गुडघं फुटल्यात तिचं. तुमचंच ऐकंल ती. तुमीच सांगा."

तो गेल्यावर बाई माझ्या वर्गाच्या पायरीवर येऊन बसल्या. "सव्वीस वर्षं पोरास्नी उठायला शिकवलं, गुरुजी. आता बस म्हणून कसं सांगू?" मी खडूचा तुकडा बोटांत फिरवत बसलो. एरवी मला प्रत्येक गोष्टीवर मत असतं.

पूर्णिमाला आता घरीच ठेवलं होतं; तीन आठवडे तिच्या घराकडं बाईंचा पाय निघाला नाही. पाडव्याला सकाळी मात्र माझ्या दारात उभ्या. "एकटीला जमंना. संगट चला."

कृष्णातच्या दारात म्हैस सजून उभी होती, सायलेन्सर काढलेल्या गाडीवर त्याचा भाऊ बसला होता, गल्ली दणाणत होती. पूर्णिमा आतल्या सोप्यात भिंतीला टेकून बसली होती. बाईंना बघून तिनं लगेच हात जमिनीला टेकले.

"राहू दे, बाळ. बस."

"मी उठतोय की, बाई."

"बस म्हणते ना. गोष्ट सांगायला आलीय." बाईंनी तिचे दोन्ही हात धरून ठेवले. "आज पाडवा. चंद्री पळाली न्हाय आज. तिचं पाय आजारी हायत. तिची काय बी चूक न्हाय. लई केलं तिनं. आता ती बसूनच ऱ्हाणार."

मला वाटलं, पोर रडेल. ती रडली नाही. दाराशी फेटा बांधून उभ्या असलेल्या बापाकडं बघत तिनं हळूच विचारलं, "मग मालकानं विकली तिला?"

कृष्णातनं चैत्रात पाय मोडलेली एक म्हैस विकली होती. टेम्पोत चढवताना पूर्णिमा दारातच उभी होती म्हणे. म्हणजे ही पाच वर्षांची पोर इतके महिने जिद्दीनं उठत नव्हती. भीतीनं उठत होती. आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो. राजमतीबाईंनी तोंडात पदर कोंबला.

कृष्णातनं फेटा काढून बाजूला टाकला आणि तिच्यापुढं गुडघ्यावर बसला. "न्हाय विकली. मालक तिला कधीच विकणार न्हाय. ती बसली तर बसली. मालक तिच्याजवळच ऱ्हाणार."

"खरं?"

"आईशप्पथ."

तिनं आमच्या तिघांकडं आळीपाळीनं बघितलं. खात्री करून घेत होती. मग दोन्ही हात वर केले.

"मग मला उचल की, पप्पा. लई दमलोय मी."